जुना लॅपटॉप तापतोय? आधी मोजा, मग उघडा, आणि पेस्टला हात सगळ्यात शेवटी

लॅपटॉप तापतो म्हणून माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांनी आधी घरी काहीतरी करून पाहिलेलं असतंच. कोणी कूलिंग पॅड आणलेला असतो, कोणी जाळीतून तोंडाने फुंकर मारलेली असते, आणि हल्ली बऱ्याच जणांनी व्हिडिओ बघून थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता पुढे जावी म्हणून तिच्यावर लावतात तो लेप, बदललेली असते. यातले पेस्टवाले सगळ्यात वैतागलेले असतात, कारण अख्खा रविवार घालवूनही लॅपटॉप पहिल्यासारखाच भाजत असतो. उघडून पाहिलं की पेस्ट नवीकोरी दिसते, आणि पंखा व हीटसिंक (चिपची उष्णता पंख्यापर्यंत नेणारा तांब्याच्या नळीचा आणि पातळ पत्र्यांचा जोड) यांच्या मधल्या फटीत धुळीचा बोळा जुन्या गादीतल्या कापसासारखा घट्ट बसलेला असतो. त्याला कोणी हातच लावलेला नसतो.

चूक कामात नसते, क्रमात असते. क्रम असा: मोजा, जागा बदला, सॉफ्टवेअर बघा, मग झाकण उघडून धूळ काढा, आणि तरीही गरज उरली तर पेस्ट. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजायचं. आकडा ताळ्यावर आला की तिथेच थांबायचं. 'उघडलंच आहे तर तेही करून टाकू' या हौसेपायी चांगले लॅपटॉप बाद झालेले मी पाहिले आहेत.

पुढचं सगळं विंडोजवर चालणाऱ्या, पाच ते दहा वर्षं वापरलेल्या, पंखा असलेल्या साध्या लॅपटॉपबद्दल आहे. मॅकबुकला तर्क हाच लागू होतो, पण त्याच्या तळाचे स्क्रू पाच पाकळ्यांचे असतात आणि त्याला वेगळा स्क्रू ड्रायव्हर लागतो.

## सगळ्याच्या आधी: बॅटरी फुगलेली नाही ना?

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि कोपऱ्यांवर हलकेच बोट दाबा. डुगडुगतो का? टचपॅड वर आलाय का, त्याचं बटण दाबलं जात नाही असं झालंय का? झाकण मिटल्यावर एका बाजूला फट राहते का? यातलं एक जरी असलं तरी बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे.

इथे थांबा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद ठेवा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची तर अजिबातच नाही. ती जाणकाराकडून काढून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. घंटागाडीत टाकली आणि गाडीत चेपली गेली तर ती पेट घेऊ शकते.

चार्जरची पिन किंवा ती घुसते ती जागा चटका बसण्याइतकी तापत असेल, जळका वास येत असेल, तर तो विजेच्या जोडणीचा बिघाड आहे. त्यावर या लेखातला कुठलाही उपाय चालणार नाही.

## १. आधी मोजा

'खूप तापतो' हे मोजमाप नव्हे. बॉडी हाताला गरम लागते म्हणजे आतली चिप, म्हणजे प्रोसेसर, अडचणीत आहे असं नसतं, आणि चिप ९८ अंशांवर असताना वरचा कीबोर्ड नुसता कोमट असू शकतो.

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. लांबलचक यादी येईल. तिला घाबरू नका, त्यातल्या दोनच ओळी बघायच्या आहेत: प्रोसेसरच्या पॅकेजचं तापमान, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे चिपने स्वतःचा वेग कमी करणं) या ओळीपुढे 'येस' आहे की 'नो'. चालू तापमानाच्या शेजारी आत्तापर्यंतच्या कमाल तापमानाचा रकाना असतो, तो जास्त कामाचा.

तीन नोंदी घ्या, कागदावर:

- लॅपटॉप सुरू करून काहीही न उघडता १० मिनिटांनी.
- तुमचं रोजचं काम १५ मिनिटं केल्यावर. म्हणजे ब्राउझर, व्हिडिओ कॉल, एक्सेल, जे काय असेल ते.
- जड काम १० मिनिटं केल्यावर. सिनेबेंचसारखी चाचणी चालेल किंवा एखादा मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावा. जुन्या लॅपटॉपवर तासभर ताण देणाऱ्या चाचण्या लावू नका, १० मिनिटांत जे कळायचं ते कळतं.

चौथी नोंद खोलीच्या तापमानाची, आणि हीच सगळे विसरतात. पंखा आतली उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो, बस. खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. डिसेंबरात पुण्यात २२ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा लॅपटॉप मे महिन्यात चंद्रपुरात ४० अंशांच्या खोलीत ८८च्या आसपास गेला, तर त्यात बिघाड काहीच झालेला नाही. म्हणून चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि तो फरक लिहून ठेवा. साफसफाईच्या आधीची आणि नंतरची तुलना त्या फरकाचीच करायची.

आकड्यांचा ढोबळ अर्थ असा: काम नसताना ४० ते ५५, रोजच्या कामात ६० ते ७५, जड कामात ८० ते ९०. एवढं लॅपटॉपला चालतं. जड कामात ९० दिसले म्हणून रात्रीची झोप घालवू नका. ९५च्या वर टिकून राहिला किंवा थ्रॉटलिंगपुढे 'येस' आलं, तर मात्र पुढे वाचा. बऱ्याच इंटेल चिपची मर्यादा १०० अंशांची असते. तिथे पोहोचली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. 'लॅपटॉप दुपारनंतर स्लो होतो' या तक्रारीमागे कितीतरी वेळा हेच असतं, आणि लोक रॅम वाढवत बसतात.

### आता हात लावून बघा

जड काम चालू असताना हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर तळहात धरा. आकडा आणि हात मिळून रोग कुठे आहे ते सांगतात.

हवा जोरात आणि चांगली गरम असेल, तर पंखा-हीटसिंक आपलं काम करताहेत. ताण तरी जास्त आहे किंवा खोली तरी तापलेली आहे. टप्पा २ आणि ३ मध्ये काम भागेल.

पंखा विमानासारखा घोंघावतोय, पण हवा जेमतेमच येतेय? धूळ. टप्पा ४.

हवा जोरात येतेय पण कोमट, आणि चिप ९५च्या पुढे. हा प्रकार कमी आढळतो, पण पेस्टचा खरा रोगी तो हाच. उष्णता चिपवरून हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाहीये. टप्पा ५. तिथे जायचं तेही ४ मधूनच.

पंखा फिरतच नसेल किंवा घरघर, टकटक असा आवाज करत असेल, तर टप्पा ४ मध्ये उघडा आणि पंखा बदलायच्या तयारीने उघडा.

## २. जागा आणि हवा

हा टप्पा फुकटचा आहे, म्हणून लोक गांभीर्याने घेत नाहीत.

बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि मागून किंवा डाव्या-उजव्या बाजूने बाहेर टाकतात. गादी, रजई, सोफा, मांडीवरची उशी यांपैकी कशावरही ठेवला की तळाचं नाक बंद. वर कापडाचे धागे आत जातात ते वेगळेच. टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. दोन सारख्या उंचीची बाटलीची झाकणं किंवा लाकडी पट्टी पुरते. मात्र तळाची जाळी त्याखाली झाकली जाणार नाही हे बघा. पुन्हा मोजा. नुसत्या एवढ्याने आकडा पाच-सात अंशांनी उतरलेला मी पाहिलाय.

कूलिंग पॅड लोक सगळ्यात आधी विकत घेतात आणि बहुधा त्याचा उपयोग सगळ्यात कमी होतो. पॅडचा पंखा लॅपटॉपच्या जाळीच्या नेमका खाली आला तर थोडा फरक पडतो, नाहीतर तो बंद प्लास्टिकवर वारा घालत बसतो. आतली फट धुळीने बंद असेल तर बाहेरून कितीही वारा घाला, आत जाणार कुठून?

हे करू नका: लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणं, खाली बर्फाची पिशवी किंवा ओला पंचा ठेवणं. गार पृष्ठभागावर दव धरतं, ते मदरबोर्डवरही धरतं. कोकणात पावसाळ्यात तर हवेतच इतकं पाणी असतं की हे प्रयोग हमखास अंगाशी येतात.

इन्व्हर्टरवर, सेट-टॉप बॉक्सवर, पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हात लॅपटॉप ठेवलेला असेल तर तोही हलवा.

## ३. सॉफ्टवेअरचा ताण कमी करा

लॅपटॉप सुरू करून १० मिनिटं थांबा, मग टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा म्हणजे जास्त खाणारा वर येईल. काहीही काम नसताना एखादी गोष्ट सतत २०-३० टक्के खात असेल, तर चोर सापडला.

नेहमीचे चोर ठरलेले आहेत. दोन-दोन अँटिव्हायरस, त्यातला एक लॅपटॉपसोबत आलेला आणि मुदत संपलेला. अर्धवट अडकलेलं विंडोज अपडेट. ते एकदा रात्रभर चार्जर लावून, टेबलावर ठेवून पूर्ण होऊ द्या. ब्राउझरमधली कधीतरी टाकलेली एक्स्टेन्शन्स. आणि भाचा-पुतण्याने गेम फुकट मिळवताना सोबत आलेलं, गुपचूप आभासी चलन खणणारं सॉफ्टवेअर. ते टास्क मॅनेजर उघडला की लपतं, बंद केला की परत सुरू होतं. पंखा टास्क मॅनेजर उघडताच शांत होत असेल तर पूर्ण स्कॅन करा.

मग टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपची, म्हणजे लॅपटॉपसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची, यादी बघा आणि अँटिव्हायरस व टचपॅड-आवाजाचे ड्रायव्हर सोडून नको ते बंद करा.

आता एक युक्ती, जुन्या लॅपटॉपला खरोखर उपयोगी पडणारी. कंट्रोल पॅनेलमधून पॉवर ऑप्शन्स, तिथून चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० असेल ते ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण इंटेलच्या बहुतेक चिपमध्ये १००च्या खाली आलं की टर्बो बंद होतो, म्हणजे चिप ठरलेल्या मूळ वेगाच्या वर उडी मारत नाही. जड कामातला आकडा चटकन खाली येतो. किंमत म्हणजे व्हिडिओ एक्सपोर्टला जास्त वेळ लागतो. वर्ड, ब्राउझर, टॅली यात फारसं जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, तिथे सोडून द्या.

तिथेच 'सिस्टिम कूलिंग पॉलिसी' आहे. ती 'ॲक्टिव्ह' ठेवा. 'पॅसिव्ह' असेल तर विंडोज पंखा वाढवण्याआधी चिपचाच वेग उतरवतं.

तपासणी: ९९ हा उपाय आहे, निदान नव्हे. पुढच्या टप्प्यांच्या आधी आणि नंतर मोजताना तो परत १०० करा, नाहीतर टर्बो बंद केल्याचं श्रेय धूळ काढण्याला द्याल. सगळं संपल्यावर हवं तर ९९वरच ठेवा. मी माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपवर एप्रिल ते जून ९९ ठेवतो आणि पावसाळा लागला की १००.

बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमध्ये कधी कधी पंख्याचं वेळापत्रक सुधारलेलं असतं. पण बॅटरी मेलेली असेल आणि तुमच्याकडे लाईट जात असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. अपडेटच्या मध्येच वीज गेली तर लॅपटॉप पुन्हा सुरू न होण्याचाही धोका असतो.

## ४. धूळ काढा

खरा गुण बहुतेक वेळा इथे येतो.

### तयारी

फोटो, कागदपत्रं, हिशेब आधी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. काही होणार नाही, पण घ्या.

तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. नुसतं कंपनीचं आणि मालिकेचं नाव पुरत नाही, एकाच नावाखाली आतून वेगळे असलेले चार-चार लॅपटॉप असतात. एचपी, डेल, लेनोवो यांच्या अनेक मॉडेल्सची दुरुस्तीची पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. कुठला स्क्रू कुठे, कुठली केबल आधी, हे चित्रांसह असतं. ती पूर्ण वाचून, मगच हात घाला.

साहित्य फार नाही: पीएच-० आणि पीएच-०० मापाचे चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, फट उघडायला गिटारचा पिक किंवा जुनं प्लास्टिक कार्ड, चिमटा, मऊ कोरडा रंगाचा ब्रश, इअरबड, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि हवेसाठी रबरी ब्लोअर किंवा दाबलेल्या हवेचा कॅन. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे सगळं मिळतं. तुमच्या गावात मोबाइल दुरुस्तीवाल्याला विचारा, तो कुठून आणतो ते सांगेल. स्क्रू ड्रायव्हरमध्ये काटकसर करू नका. हलक्या ड्रायव्हरने स्क्रूचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की पुढचा तास त्या एका स्क्रूतच जातो.

हात लावण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. छताचा पंखा बंद.

### स्क्रूचा नकाशा

कागदावर लॅपटॉपचा तळ काढा आणि प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवा. हे बालिश वाटतं. मीही पूर्वी सगळे स्क्रू वाटीत टाकायचो, मग एकदा लांब स्क्रू आखूड भोकात घट्ट पिळला आणि तो कीबोर्डच्या बाजूने, नेमका मनगट टेकतं तिथे फोडासारखा वर आला. लॅपटॉप मेव्हण्याचा होता. अजून ऐकवतो.

### उघडण्याचा क्रम

१. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नुसत्या शटडाउनमध्ये विंडोजचं फास्ट स्टार्टअप मशीनला अर्धवट झोपवतं. चार्जर काढा. बाहेरून निघणारी बॅटरी असेल तर ती काढा.

२. तळाचे सगळे स्क्रू काढा. रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली लपलेले असतात, डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याचाही एक असतो. झाकण निघत नसेल तर जोर वाढवू नका, स्क्रू शोधा.

३. कोपऱ्यातून कार्ड सरकवत हूक एकेक करून सोडवा. 'टक्' आवाज येणं ठीक, 'कड्' नाही. जुन्या काही मॉडेलमध्ये कीबोर्डच्या बाजूने उघडावं लागतं आणि तिथे चपट्या रिबन केबल असतात. त्यांच्या टोकाला बारीक काळी-पांढरी पट्टी असते. ती नखाने उचलली की केबल आपोआप सुटते. पट्टी न उचलता ओढली की तुटते.

४. आत जाताच पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. वायर धरून ओढायचं नाही, कनेक्टरच्या दोन्ही कडांना नख लावून सरकवायचा. मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा.

हा टप्पा टाळू नका. बॅटरी जोडलेली असताना निसटलेला एक स्क्रू मदरबोर्डवर पडला की शॉर्ट होतो.

५. पंख्याचा कनेक्टर सोडवा, त्याचे दोन-चार स्क्रू काढा, पंखा उचला.

थांबून बघा: काही लॅपटॉपमध्ये पंखा आणि हीटसिंक एकच जोड असतो, पंखा एकटा निघत नाही. तसं असेल आणि हातात नवी पेस्ट नसेल, तर हीटसिंक उचलू नका. एकदा उचललं की जुन्या पेस्टची पकड गेली. ती परत बसत नाही. पंख्याच्या वरचं पातळ झाकण तेवढं निघतंय का बघा, बऱ्याचदा निघतं.

### बोळा

पंखा जिथून हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये हवा ढकलतो, त्या तोंडाशी बघा. पाच वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये तिथे राखाडी नमद्याची पट्टी जमलेली असते. चिमट्याने धरून ओढली की अख्खी निघते, आणि तेव्हा कळतं की बाहेरून फुंकर का लागू पडत नव्हती: बाहेरच्या हवेने ही पट्टी पंख्याकडे जराशी सरकते, आणि पंखा सुरू झाला की परत तिथेच येऊन चिकटते.

पत्र्यांमधली उरलेली धूळ ब्रशने आणि हवेने काढा. पत्रे नाजूक असतात, टोकदार काही घालू नका. पंख्याच्या पात्यांवरची धूळ इअरबडने. रोज अगरबत्ती लागते त्या खोलीतली किंवा स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतली धूळ तेलकट होऊन चिकटते, तिला इअरबडवर थोडं अल्कोहोल लागतं.

इथल्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की वेगळ्या सांगतो.

पंखा मोकळा सोडून त्यावर हवा मारणं. तो भरमसाट वेगाने फिरतो, आतली बेअरिंग खराब होऊ शकते. आणि जोडलेला असेल तर उलट वीज निर्माण करून बोर्डाकडे पाठवतो. पात्यांवर बोट ठेवून मगच हवा.

पंक्चरच्या दुकानातली हवा. फुकट असते, जोर असतो, आणि तिच्यासोबत टाकीतलं पाणी व तेलही येतं. नको.

व्हॅक्यूम क्लीनरची नळी थेट बोर्डला लावणं. स्थिर विजेचा धोका. तोंडाने फुंकणं: सोबत थुंकीचे तुषार जातात. हवेचा कॅन उलटा किंवा तिरका धरणं: गोठवणारा द्रव बाहेर येतो.

आणि पंख्यात खोबरेल तेल. हसू नका, मी काढलंय. थंडीत ते थिजतं आणि वर्षभर धूळ पकडतं. घरघरणाऱ्या पंख्यावर उपाय एकच, त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर बघून तोच पंखा आणणं.

### बंद करण्याआधी

पंखा बसवा, कनेक्टर लावा, बॅटरी जोडा, आणि स्क्रू न लावता झाकण नुसतं टेकवून सुरू करा. बॅटरी सोडवल्यानंतर पहिल्यांदा बरेच लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय उठत नाहीत, घाबरू नका. पंखा फिरतोय? काही घासल्याचा आवाज नाही? मग पुन्हा बंद करा, चार्जर काढा आणि स्क्रू नकाशाप्रमाणे लावा. तारीख-वेळ चुकलेली दिसली तर ती नीट करून घ्या, नाहीतर बँकेची संकेतस्थळं उघडणार नाहीत.

आता टप्पा १ मधल्या नोंदी पुन्हा घ्या. फरक १० अंशांनी किंवा जास्त उतरला आणि थ्रॉटलिंग 'नो' झालं, तर काम झालं. पेस्टचा टप्पा वाचू नका.

## ५. पेस्ट

इथे यायचं ते दोनच कारणांनी: धूळ काढूनही हवा कोमट आणि चिप ९५च्या पुढे, किंवा धूळ काढताना हीटसिंक उचलणं भाग पडलं.

आर्क्टिकची एमएक्स-४, नॉक्टुआची एनटी-एच१ अशी नाव असलेली पेस्ट घ्या. चार ग्रॅमची ट्यूब कितीतरी लॅपटॉपना पुरते. पुडीतली बिननावाची पांढरी पेस्ट लवकर वाळते. टूथपेस्टचे व्हिडिओ फिरतात. तिच्यातलं पाणी उडून जातं आणि खडू उरतो. द्रवरूप धातू म्हणून जो प्रकार मिळतो त्यापासून लांब राहा. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि थेंब ओघळला तर शॉर्ट होतं.

१. लॅपटॉप पाच मिनिटं वापरून कोमट करा, मग बंद करून उघडा. गार पडलेली जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरते. बॅटरी सोडवा.

२. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रम, ४ पासून, आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. एक पूर्ण काढून मग दुसरा असं केलं की चिपवर एका बाजूने दाब पडतो. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखी धातूची टोपी नसते, उघडी काच असल्यासारखी ती असते आणि तिचा कोपरा उडू शकतो.

३. हीटसिंक सरळ उपसू नका. हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवून पकड सोडवा, मग उचला. तांब्याची नळी वाकवू नका. आत पोकळी असते, थोडासा द्रव असतो. चेपली की ती नळी कामातून गेली.

४. जुनी पेस्ट सुती, धागे न सोडणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात. नेलपॉलिश रिमूव्हर आणि अत्तर तर नाहीच. चिप आरशासारखी दिसेपर्यंत पुसा, तिच्या आजूबाजूचे बारीक ठिपके न रगडता.

५. करड्या, निळ्या किंवा गुलाबी मऊ रबरासारख्या पट्ट्या दिसतील. ते थर्मल पॅड. त्यांना हात लावू नका, पुसू नका, त्यांच्या जागी पेस्ट थापू नका. तिथे अर्धा ते दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते, पेस्टने ती भरत नाही. एका दुकानातून दुरुस्त होऊन आलेल्या लॅपटॉपमध्ये मला हेच सापडलं होतं: पॅड गायब, सगळीकडे पेस्टचा श्रीखंडासारखा थर, आणि लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापत होता. पॅड फाटलाच तर तेवढ्याच जाडीचा नवा आणा. जाड आणला की हीटसिंक चिपवर टेकत नाही.

६. पेस्ट किती? छोट्या चौकोनी चिपवर मुगाच्या दाण्याएवढी, लांबट चिपवर तांदळाच्या दोन दाण्यांची रेघ. उघडी चिप कडेपर्यंत झाकली जायला हवी, म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने पातळ पसरवलं तरी चालतं.

७. हीटसिंक वरून सरळ खाली टेकवा. टेकवल्यावर उचलून 'पसरलंय का' ते बघायचा मोह आवरा. उचललं तर पुसून पुन्हा पेस्ट. स्क्रू १-२-३-४ क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, घट्ट लागेपर्यंत. पिळून नाही.

पंख्याचा कनेक्टर लावायला विसरणारे आहेत. तो लावा, मग बॅटरी.

तपासणी: सुरू करताच आकड्यांवर नजर ठेवा. मिनिटाभरात काही काम नसताना ८०-९० दिसलं तर लगेच बंद करा. हीटसिंक बसलेलं नाही: स्क्रू सैल आहे, पॅड जाड आहे किंवा केबल खाली अडकली आहे. पेस्ट 'मुरेल' म्हणून वाट बघू नका.

## ६. तरीही तापतोय

जड काम चालू असताना तळ उघडा ठेवून बघायचं धाडस नसेल तर हे काम दुकानात द्या. धाडस असेल तर बाकी कशालाही स्पर्श न करता तांब्याच्या नळीचं चिपकडचं आणि पंख्याकडचं टोक जरा बोट लावून पारखा, चटका बसू शकतो हे धरून. एक टोक भाजतंय आणि दुसरं गार असेल तर नळी मेली. त्या मॉडेलचं हीटसिंक जोडासकट बदलावं लागतं.

दुकानात देताना 'सर्व्हिस करून द्या' एवढंच म्हणू नका. आधीचे आकडे दाखवा, कुठला टप्पा केलाय ते सांगा, पॅड मूळचेच राहतील ना ते विचारा, आणि परत घेताना तिथेच १० मिनिटं जड काम लावून आकडा बघा. कामाचा माणूस असेल तर त्याला हे आवडतं.

धूळ किती दिवसांनी काढायची ते घरावर आहे. रस्त्यालगतचं घर, कापसाच्या गाद्या, घरात मांजर असेल तर वर्षाने. नाहीतर दोन वर्षांनी उघडून बघा. पेस्टला दरवेळी हात लावायचा नाही. आकडा सांगेल तेव्हाच.

नोंदींचा कागद घडी करून झाकणाच्या आत ठेवू नका, तो सरकून पंख्यात जातो. तारीख, खोलीचं तापमान आणि तिन्ही आकडे छोट्या स्टिकरवर लिहून तळाला बाहेरून, जाळी सोडून चिकटवा.